अनामत वाचवणारा सरपंच

धाऊ ठोंबरे निवडणुकीला उभा राहतो तो पडण्यासाठीच, असं हेदवण्याचे लोक म्हणत. ते खरं नव्हतं. तो उभा राहायचा दत्ताशेठला घाम फोडण्यासाठी. पडणं हा त्यातला किरकोळ खर्च होता.

हेदवणे हे खालापूर तालुक्यातलं गाव. गावाच्या कडेने ओढा जातो आणि ओढ्यापलीकडे पल्याडवाडी. तिथे धाऊचं घर. घर कसलं, अंबाबाईचं राज्यच ते. अंबाबाई म्हणजे धाऊची बायको. तिच्या दोन म्हशी. दूध गोळा करणारा टेंपो रोज सकाळी गावाच्या बाजूला, भैरोबाच्या देवळापाशी थांबतो. उन्हाळ्यात ओढ्यात नुसते गोटे असतात, त्यांवरून कॅन डोक्यावर घेऊन जाता येतं. पावसाळ्यात ओढा फुगला की दूध वाडीतच राहतं. मग अंबाबाई खवा आटवायची, बासुंदी करायची आणि नासण्यापेक्षा बरं म्हणून शेजाऱ्यांना वाटायची. त्यामुळे आषाढ-श्रावणात पल्याडवाडीची मुलं शाळेच्या हजेरीत शेवटची आणि अंगणवाडीच्या वजनकाट्यावर पहिली असत. सगळे खाऊनपिऊन खूश. अंबाबाईच्या हातात मात्र चार महिने पैसा नाही.

तिला साकव हवा होता. साकव म्हणजे माणूस चालत जाईल, फार तर मोटारसायकल जाईल, एवढा लहान पूल. त्यासाठी काही मोठं डोकं लागत नाही. जिल्हा परिषदेकडे प्रस्ताव पाठवायचा, त्याचा पाठपुरावा करायचा, आणि हे सरपंचाने करायचं. पण सरपंच दत्ताशेठ होता आणि त्याला ओढा ओलांडायचं काही कारण नव्हतं.

दत्ताशेठ वाईट माणूस नव्हे. खडी, रेती, विटा पुरवायचा, मुंबईकरांना फार्महाऊसचे प्लॉट दाखवायचा. कुणाच्या घरी लग्न असलं की मंडप त्याचा, कुणाला खोपोलीला दवाखान्यात न्यायचं असलं की गाडी त्याची. त्याला पहिल्यांदा सरपंच केलं ते बिनविरोध. गावातल्या ज्येष्ठांनी भैरोबाच्या देवळात बसून नाव ठरवलं, नारळ फोडला, झालं. गावात एकोपा आहे, असं तालुक्यात सगळे कौतुकाने म्हणत. हा एकोपा इतका घट्ट होता की पाच वर्षं साकवाचा विषयसुद्धा त्यातून बाहेर पडू शकला नाही. ग्रामसभाही एकोप्यानेच होत. म्हणजे शिपाई घरोघर वही फिरवायचा आणि लोक ओट्यावर बसल्या जागी सही करायचे.

धाऊ त्या वेळी गावात नव्हता. तरुणपणापासून तो माथेरानला एका हॉटेलात रूमबॉय होता. चढउतार करून गुडघे बोलायला लागले तेव्हा तो खाली घरी आला. येताना त्याने दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे कुणीही हाक मारली की "येस सर" म्हणून उभं राहायची सवय. दुसरी म्हणजे राजकारणाचं एक शास्त्र. मी खालापूरला एका पतसंस्थेत हिशेबनीस. राहायला कर्जतला, भिसेगावात. उमेदवारीचा अर्ज भरून द्या म्हणून तो माझ्याकडे आला, तेव्हा ते शास्त्र त्याने मला ऐकवलं.

"साहेब, पावसाळ्यात माथेरानात बरीच हॉटेलं बंद असतात. आमच्या अंगाला आमचं एकटंच चालू असायचं. तवा गिऱ्हाइकानं गरम पानी मागितलं का म्यानेजर काय म्हनायचा? 'लाईट गेलीय.' दिवाळीला समोरचं हॉटेल उघडलं का त्याच म्यानेजरची लाईट कदी गेली नाय."

"म्हणजे समोरचं हॉटेल चांगलं होतं?"

"कसलं चांगलं! ढेकनं होती त्यात. पन उघडं होतं ना."

मी बी.कॉम. करताना बाजारातल्या स्पर्धेवर एक अख्खा पेपर दिला होता. त्यात ढेकणांचा उल्लेख नव्हता.

धाऊने अर्ज भरला आणि हेदवण्यात खळबळ माजली. त्या वर्षीपासून सरपंच थेट लोकांनी निवडायचा होता, तेव्हा लढत सरळ धाऊ विरुद्ध दत्ताशेठ. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, धाऊने एकोप्यात मिठाचा खडा टाकला. दत्ताशेठ स्वतः चिखल तुडवत, गोट्यांवरून तोल सावरत पल्याडवाडीला आला. गेल्या पाच वर्षांत तो तिकडे आला होता की नाही, यावर वाडीत दोन मतं होती.

"धाऊ, अर्ज मागं घे रं," तो म्हणाला. "साकवाचं काम मंजूर हाय. मीच करून देतो. भैरोबाची शपत."

"मंजूर हाय? कदीपास्नं?"

"दोन वर्सं झाली."

"आनि आमाला आज कळतंय!" अंबाबाई आतून म्हणाली.

"शेठ, शपत नको," धाऊ म्हणाला. "खांब उभे करा, मग बोलू."

निवडणुकीच्या आधी ओढ्यात साकवाचे खांब उभे राहिले. पाच वर्षं न हललेलं काम धाऊच्या एका सहीने हललं, आणि ती सहीसुद्धा मी बोटाने जागा दाखवली तिथे त्याने केली होती. दत्ताशेठने विचारलं, आता तरी माघार घेतोस का? धाऊ म्हणाला, "नुसतं उभं राहिलो तर खांब झाले. माघार घेतली तर तेपन काढून न्याल."

त्याने माघार घेतली नाही आणि तो पडला. असा पडला की अनामत रक्कमही जप्त झाली. पल्याडवाडीनेसुद्धा दत्ताशेठलाच मतं दिली, कारण खांब शेवटी त्यानेच बांधले होते. मटणही त्याचंच होतं.

इथे धाऊचं शास्त्र कमी पडलं. इतका दणकून आपटलेला माणूस कुणाला काय भीती घालणार? दत्ताशेठने निकालाच्या दुसऱ्या दिवशी कामगार हलवले आणि खांब तसेच उभे राहिले. त्यांच्या गजांवर बगळे बसत. वाडीतल्या बायका दोरी बांधून धुणं वाळत घालत. विचारलं की दत्ताशेठ म्हणायचा, "निधी यायचाय." अंबाबाई बासुंदी ढवळत नवऱ्याला म्हणायची, "घ्या, तुमी लावलेला खांब. पाटी लावा त्याच्यावर, धाऊंचा पडल्याचा इस्तंभ म्हनून."

पुढच्या निवडणुकीला धाऊ पुन्हा माझ्यासमोर हजर. पण या वेळी त्याचा विचार बदलला होता.

"साहेब, जितायचं नाय. ते आपलं काम नाय. पन अनामत वाचली पायजे. शेठ निवडून आला तरी 'हा गडी पुढच्या टायमाला मला पाडील' एवढी भीती त्याच्या पोटात पाच वर्सं राहिली पायजे. म्हंजे साकव होतोय."

निवडणुकीत पडण्यासाठी इतकी काटेकोर योजना मी पाहिली नव्हती. चिन्ह त्याने सवयीने कपबशी घेतलं. दत्ताशेठचं चिन्ह रोड रोलर होतं, आणि ते त्याला शोभत होतं. धाऊ घरोघर गेला तो हात जोडून, पण मागणं उलटंच.

"मावशे, मला निवडून देऊ नका हं."

"मग आलास कशाला?"

"घरात पाच मतं हायेत ना? चार शेठला घाला. त्याचं मटन खाल्लंय, खाल्ल्याला जागलं पायजे. एक कपबशीला टाका. अनामत वाचवा गरिबाची."

"एवढंच ना? जा, टाकते मी. बाकीच्यांना सांगू नकोस पन."

हे प्रत्येक घरात झालं. मटणाच्या जेवणाला तर धाऊ स्वतः हजर होता. दत्ताशेठच्या अंगणात, विरोधी उमेदवार, रश्श्याची बादली घेऊन पंगतीत फिरत, "सर, आनखी?" असं विचारत होता. त्याचा हात थांबेना. दत्ताशेठच्या माणसांनी बादली काढून घेतली तेव्हा तो पाणी वाढायला लागला. लोकांना फार वाईट वाटलं. इतका गरीब स्वभावाचा माणूस, याची निदान अनामत तरी वाचायला हवी.

आणि इथे हेदवण्याच्या मतदारांची चूक झाली. जो तो मनाशी म्हणाला, माझ्या घरातले बाकीचे शेठलाच देणार, मी एकट्याने धाऊला दिलं म्हणून काय बिघडतं? सासऱ्याने हा विचार केला, सुनेने केला, दत्ताशेठच्या गाडीवरच्या ड्रायव्हरनेही केला. मटणाला जागण्याचं काम प्रत्येकाने घरातल्या दुसऱ्यावर सोपवलं.

मतमोजणी खालापुरात होती. निकाल लागला तसा धाऊ तिथून थेट पतसंस्थेत आला. गळ्यात हार, चेहरा पांढराफटक.

"साहेब, फेरमोजनी मागता येते का?"

"ती हरलेल्याने मागायची असते, धाऊ."

"मग शेठला सांगा ना मागायला! लय घोळ झाला हो. मी निवडून आलो."

त्या संध्याकाळी दत्ताशेठच्या ओटीवर अर्धं गाव सांत्वनाला गेलं. प्रत्येकजण म्हणत होता, शेठ, आमच्या घरातली सगळी मतं रोलरलाच. तीच माणसं परत येताना धाऊकडे पेढे खायला थांबली आणि म्हणाली, धाऊ, आमच्या घरातली सगळी मतं कपबशीलाच. माझा जन्म हिशेब जुळवण्यात गेला. हे दोन्ही आकडे खरे धरले तर हेदवण्याची लोकसंख्या दुप्पट निघते. पण गंमत अशी, की इतकी खोटी बिलं जोडूनही शेवटची बाकी बरोबर निघाली होती.

दत्ताशेठने साकवासाठी म्हणून निवडणुकीआधी ओढ्याकाठी खडीचा ढीग टाकला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा टेंपो आला आणि ढीग उचलून घेऊन गेला. "खडी माजी होती," तो म्हणाला. 

आता खरं तर साकव झटपट व्हायला हवा होता. खांब तयार, मागणारा स्वतः सरपंच. अंबाबाईने पुढच्या पावसाळ्यासाठी दुधाचा मोठा कॅन घेऊन ठेवला. पण धाऊला खुर्ची मानवली, आणि जरा जास्तच मानवली. जन्मभर दुसऱ्यांना चहा नेऊन दिलेल्या माणसाला आता लोक चहा आणून देत होते. उद्घाटनं, वाढदिवस, शाल-श्रीफळ; बोलावलं की "येस सर" म्हणून तो निघालाच. आणि घरी पडल्या पडल्या त्याला एक कल्पना सुचली. खांब जिथे होते तिथून साकव वाडीच्या मधोमध उतरणार होता. तो शेवटी थोडा वळवला, तर बरोबर त्याच्या ओटीसमोर उतरला असता. सरपंचाच्या घरासमोर साकव उतरणं किती शोभेचं! त्याने नव्याने मोजणी मागितली. प्रस्ताव परत गेला. पावसाळा आला, ओढा फुगला, नवा कॅन कोनाड्यात पालथा पडला आणि अंबाबाईने पुन्हा कढई चुलीवर ठेवली.

मी त्याला एकदा विचारलं, "धाऊ, गरम पाण्याचं काय झालं?"

"मोजनी चाललीय, साहेब," तो म्हणाला. अगदी लाईट गेल्यासारखा.

विरोधकाची, म्हणजे धाऊची जुनी जागा रिकामी राहिली नाही, हे महत्त्वाचं. तिथे दत्ताशेठ येऊन बसला. स्वतः सरपंच असताना ज्याने ग्रामसभा वहीवर उरकल्या, तो आता प्रत्येक ग्रामसभेला सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसू लागला. साकवाचं त्याला इतकं प्रेम आलं, की मूळ प्रस्ताव, नवा प्रस्ताव, नकाशा, सगळ्याच्या नकला त्याने मिळवल्या. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेच्या वर्गात ग्रामसभा भरली. दोन दिवस उघडीप होती, म्हणून वाडीची माणसंही कमरेएवढ्या पाण्यातून आली होती. अंबाबाईला भेटायला माहेरहून आलेल्या भावजयीचं पतसंस्थेतलं काहीतरी काम माझ्याकडे होतं म्हणून मी त्या दिवशी गावात होतो, आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. ग्रामसेवक वाल्मिकराव इतिवृत्त लिहायला बसले, तोच दत्ताशेठ उठला.

"सरपंच, साकवाचा स्लॅब कुठं हाय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "शेठ, तुमी पाच वर्सं जिथं ठेवला होता तिथंच!"

वर्ग हसला. दत्ताशेठ हलला नाही. "माजं सोडा. मला तुमी पाडलंत. माजी शिक्षा झाली. आता याचं बोला."

यावर हसायचं की नाही, हे लोकांना कळेना. कारण बोलणं चोख होतं.

धाऊने घसा साफ केला. "मोजनी चाललीय. शास्त्रोक्त काम हाय, वेळ लागतो."

"कसली मोजनी? खांब सरळ हायेत, ओढा सरळ हाय, मग साकव वाकडा कशाला?" दत्ताशेठने नकाशा टेबलावर पसरला. "सांगू का? हे बगा. याला तो सोताच्या ओटीवर उतरवायचा हाय!"

"वाडीची सोय म्हनून…" धाऊ पुटपुटला.

"कुनाची सोय?" हा आवाज बायकांच्या बाजूने आला. अंबाबाई पदर खोचून उभी होती. "सगळी वाडी, सगळ्या गाड्या माज्या गोठ्यापुढनं जानार, म्हशी दूध देतील का? मी घरात सांगून दमले. शेठनं दहा वर्सं नाचवलं, आता हे नाचवतायत. आवो, सरळ बांधा की तो साकव! दूध नासतंय माजं!"

"अंबे, ही सभा हाय," धाऊ हळूच म्हणाला.

"म्हनून तर बोलतेय. घरी ऐकता कुठं?"

टाळ्या पडल्या. आयुष्यात धाऊसाठी कधी इतक्या पडल्या नव्हत्या, आणि या त्याच्या विरुद्ध होत्या. साकव मूळ नकाशाप्रमाणे सरळ बांधावा आणि पुढच्या पावसाळ्याआधी पुरा करावा, असा ठराव पल्याडवाडीच्या विठूने मांडला. दत्ताशेठने उभं राहून अनुमोदन दिलं. अध्यक्ष म्हणून सही धाऊला करावी लागली. वाल्मिकरावांनी बोटाने जागा दाखवली.

घरी जाताना धाऊ मला म्हणाला, "साहेब, शेठला साकवाची पडलेली नाय. त्याला माजी खुर्ची पायजे."

"आणि तू उभा राहिलास तेव्हा तुला?"

ओढ्याच्या काठी त्याने चपला काढून हातात घेतल्या. मग म्हणाला, "मला बी त्याचा घामच पायजे होता."

आमच्या पेशात एक साधा नियम आहे. जो नोंद लिहितो, त्याने ती तपासायची नाही. तपासणारा दुसरा हवा. हे दोघे सज्जन असावेत, अशी अट कुठेही नाही. ते एकमेकांचे मेहुणे नसले म्हणजे पुरे. मतदारांचंही तसंच. हेदवण्याचे मतदार मटण खातात, खोटं बोलतात आणि चुकून निवडून देतात. पण ते पाडू शकतात, हे दत्ताशेठ त्या निकालापासून एक दिवसही विसरला नाही आणि त्या ग्रामसभेपासून धाऊही विसरला नाही.

काम सुरू झालं तेव्हा ही तपासणी फारच रंगली. कंत्राटदाराने खडी दत्ताशेठकडून घेतली, म्हणून धाऊ खडीची पाटीन् पाटी उपसून बघायचा. माती सापडली तर सगळ्या गावाला दाखवीन, म्हणायचा. सिमेंटच्या गोण्या धाऊच्या पडवीत ठेवल्या होत्या, म्हणून दत्ताशेठ रोज सकाळी येऊन त्या मोजायचा. एखादी म्हशीच्या गोठ्यात मुरली तर सगळ्या गावाला सांगीन, म्हणायचा. स्लॅब पडला त्या दिवशी दोघेही उन्हात छत्री घेऊन उभे, एक या काठाला, एक त्या काठाला. कंत्राटदार बिचारा रडकुंडीला आला. मला म्हणाला, "एवढा पक्का साकव मी जन्मात बांधला नाय. दोघांतला एक जरी आजारी पडला असता तर माझं भागलं असतं."

पावसाळ्याआधी साकव झाला. सरळ. नारळ दोन फुटले, दोन टोकांना, एकाच वेळी. मोठा पाहुणा कुणाला बोलवायचा यावर दोघांचं एकमत होईना, म्हणून कुणीच आलं नाही.

त्या श्रावणात मी साकवावरून चालत पल्याडवाडीला गेलो. खाली ओढा लाल पाण्याने भरभरून वाहत होता आणि अंबाबाईचं दूध सकाळीच टेंपोत चढून गेलं होतं. धाऊ पंचायतीत होता. मी ओटीवर चहा घेत असतानाच दत्ताशेठची मोटारसायकल दाराशी थांबली.

"अंबावैनी, आमच्यावर लक्ष असू द्या हं. पुढच्या टायमाला रोलर."

"म्हंजे काय शेठ! तुमालाच."

तो खूश होऊन गेला. थोड्या वेळाने धाऊ आला. दत्ताशेठ येऊन गेल्याचं त्याला वाटेतच कळलं होतं.

"काय म्हनत होता तो? अंबे, मत मलाच ना?"

"आता घरचं मानूस सोडून कुनाला देनार?"

तो पाय धुवायला आत गेला. मी आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, खरं कुणाला देणार?"

"तुमी बी ना, भावजी!" ती कप उचलत म्हणाली. "एकाला हो म्हनलं का दुसरा यायचा बंद व्हतो, आनि पयला झोपतो. अंगनवाडीचं छप्पर गळतंय. दोघांनाबी सांगितलंय. बगू, पत्रे कोन आदी आनतोय."